शुश्रूषा म्हणजे ऐकायची इच्छा

तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. आज नसेल, तरी वाचून ठेवा. ही पाळी सांगून येत नाही.

एका शब्दापासून सुरुवात करते. शुश्रूषा. तुम्ही तो पाट्यांवर वाचला असेल. नर्सिंग होमला आपण शुश्रूषागृह म्हणतो. मुंबईत दादरला लोकांनी सहकारी तत्त्वावर उभं केलेलं रुग्णालय आहे, त्याचं नावच शुश्रूषा. लिहिताना मात्र पुष्कळांची गडबड होते. पहिला ‘शु’ ऱ्हस्व आहे, दुसरा ‘श्रू’ दीर्घ. कोणी ‘सुश्रुषा’ लिहितात, ते चूक. सुश्रुत हे शल्यचिकित्सेच्या जुन्या आचार्यांचं नाव. तेही ऐकण्याच्याच धातूवरून आलेलं, पण शब्द वेगळा.

आता अर्थ. आपण शुश्रूषा म्हणजे आजाऱ्याची सेवा एवढंच समजतो. मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, तशी शुश्रूषा ही ऐकण्याची. गुरू काय सांगतो ते शिष्याने कान देऊन ऐकायचं, सांगेल ते करायचं, ती गुरूची शुश्रूषा. त्यावरून थोरामोठ्यांची सेवा, आणि त्यावरून आजाऱ्याची. आपण शेवटचा अर्थ धरून ठेवला आणि पहिला हातातून निसटला.

मला तो पहिला अर्थ वडिलांच्या खाटेपाशी कळला.

त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. रुग्णालयातून घरी आणलं तेव्हा आम्ही आतल्या खोलीत त्यांची खाट लावली. वेळेवर औषध, वेळेवर पुसून काढणं, मऊ भात, वरणाचं पाणी. कशात कसूर नव्हती. पण ते जेवत नव्हते. चमचा पुढे केला की दात आवळून धरायचे. आम्ही समजावलं, रागावलो, शेवटी म्हणायला लागलो की आबा हट्टी झालेत.

मग आजाऱ्याजवळ राहणारी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून एक मावशी मदतीला आल्या. दुसऱ्याच दिवशी त्या आबांच्या समोर बसल्या, त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “आबा, मी एकेक विचारते. हो असेल तर हात दाबा.” पंखा नको का? काही नाही. उजेड लागतो का? काही नाही. पोटात दुखतं का? काही नाही. खाट इथं नको का? आबांनी हात दाबला आणि सोडेचनात.

त्यांची मान डावीकडेच वळायची. डावीकडे भिंत होती. तीन आठवडे ते भिंतीकडे बघत पडून होते. दार, अंगण, येणारीजाणारी माणसं, सगळं पाठीमागे. आम्ही खाट उलटी फिरवली. त्या संध्याकाळी त्यांनी अर्धी वाटी भात खाल्ला.

आम्ही तीन आठवडे त्यांची सेवा करत होतो. शुश्रूषा मावशींनी केली.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हे. काही करायच्या आधी विचारा. आणि विचाराल ते नीट विचारा. “बरं वाटतंय ना?” असं विचारू नका. त्या ‘ना’मध्ये उत्तर तुम्हीच दिलेलं असतं. बिचारा आजारी माणूस तुमचं मन राखायला हो म्हणतो. “आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?” असं विचारा. “रात्री कितीला जाग आली?” असं विचारा. एका वेळी एकच प्रश्न. मग थांबा. म्हाताऱ्या माणसाला, औषधांच्या गुंगीत असलेल्या माणसाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. आपण तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकतो आणि पहिला वाया जातो.

ऐकू कमी येत असेल तर कानात ओरडू नका. ओरडण्याने शब्द फाटतात. समोर बसा, तोंडावर उजेड येईल असं बसा, सावकाश बोला. कानाचं यंत्र असेल तर ते डब्यात ठेवू नका, कानात घाला.

विसरण्याचा आजार असेल, आई सत्तर वर्षांपूर्वीच्या माहेरी जायचं म्हणत असेल, तर “अगं, ते घर आता कुठं आहे?” असं म्हणून वाद घालू नका. तिला घर नको असतं. बहुधा भीती वाटत असते, किंवा लघवीला जायचं असतं. “माहेरी कोण कोण होतं गं?” म्हणा. तिला बोलू द्या, मग हात धरून मोरीपर्यंत न्या.

आणि जे बोलूच शकत नाहीत, त्यांचं अंग बोलतं. कूस बदलताना कपाळाला आठी पडते का ते बघा. मूठ आवळली जाते का, श्वास अडकतो का, कण्हणं वाढतं का ते बघा. एक साधी वही खाटेजवळ ठेवा. किती वाजता खाल्लं, कधी दुखलं, कधी झोप लागली, शौचाला झाली का, एवढं लिहा. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती वही न्या. “बरं नाही वाटत” यापेक्षा त्या वहीतल्या चार ओळी त्यांना जास्त सांगतात.

आपल्या मराठीत काळजी हा शब्द दोन्हीकडे चालतो. काळजी करणं आणि काळजी घेणं. शब्द एक, क्रियापद वेगळं, आणि त्यात जमीन-अस्मानाचा फरक. काळजी करणारा रात्रभर जागा राहतो, आणि सकाळी आजाऱ्याच्या पाठीला जखम झालेली असते. काळजी घेणारा दोन तासांचा गजर लावतो, उठतो, कूस बदलतो आणि परत झोपतो. तुम्हाला किती काळजी वाटते हे पडलेल्या माणसाला कळून उपयोगाचं नाही. उलट तुमचा चेहरा बघून तोच तुमची काळजी करायला लागतो.

आता ती कूस बदलण्याची गोष्ट सविस्तर सांगते, कारण घरोघरी इथेच चुकतं.

एकाच अंगावर पडून राहिलं की हाडाच्या जागी कातडीवर दाब येतो. तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरते. त्याला आपण शय्याव्रण म्हणतो, बेडसोअर म्हणतो. माकडहाड, कुल्ले, टाचा, घोटे, कोपरं, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज उजेडात बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाब सोडल्यावरही तो लालच राहिला, तर जखम सुरू झाली असं समजा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. तिथे हात लावून बघा. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा मऊ पडलेली लागते.

त्या डागावर चोळू नका. आपल्याला वाटतं मालीश केल्याने रक्त खेळेल. तसं होत नाही, आतली कातडी आणखी फाटते. मधे भोक असलेली रबरी चकतीही ठेवू नका, तिने कडेचा दाब वाढतो. त्या जागेवरचा भार काढायचा, एवढंच खरं औषध. दर दोन तासांनी कूस बदला. डावी, पाठ, उजवी. पाठीमागे उशी द्या, दोन गुडघ्यांमध्ये उशी द्या, आणि पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा अधांतरी राहतील. चादरीला चुण्या ठेवू नका. खाण्याचे कण झटका. लंगोट ओला झाला की लगेच बदला. हवेची गादी चांगली असते, जमली तर आणा. पण गादी आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही.

वर सरकवताना हाताला धरून ओढू नका. खांदा निखळतो, विशेषतः लुळ्या बाजूचा. खाली आडवी चादर दुमडून ठेवा, दोघांनी दोन बाजूंनी धरा आणि उचलून सरकवा. तुमची कंबरही वाचते.

भरवताना माणूस बसता पाहिजे. झोपवून भरवू नका. तसं केलं की अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि न्यूमोनिया होतो. चमचा छोटा घ्या. एक घास गिळला हे बघूनच दुसरा द्या. जेवल्यावर अर्धा तास तसंच टेकून बसवा. झटका येऊन गेलेल्या माणसाला भातापेक्षा पाण्याने जास्त ठसका लागू शकतो, कारण पातळ पदार्थ घशातून झपकन खाली जातो. ठसका वारंवार लागत असेल, जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, तर भरवणं थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

आता एक अवघड भाग.

कधीतरी डॉक्टर तुम्हाला बाजूला घेऊन सांगतात, “आता घरी न्या, सेवा करा.” किंवा म्हणतात, “पॅलिएटिव्ह केअर द्या.” हे वाक्य कानावर पडलं की घर कोसळतं. आपण ऐकतो ते असं की आता काही करायचं उरलं नाही. ते खरं नाही. करायचं पुष्कळ असतं. आजार हटवायचा राहत नाही एवढंच, दुखणं हटवायचं असतंच.

हा पॅलिएटिव्ह शब्द लॅटिनमधल्या ‘पॅलियम’वरून आला. पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचं मोठं वस्त्र. थंडी घालवता येत नाही, पण पांघरूण घालता येतं. वेदना, धाप, मळमळ, बद्धकोष्ठ, झोप न येणं, मनातली भीती, या सगळ्यावर पांघरूण घालणारे उपचार म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. आणि ते शेवटच्या आठवड्यात सुरू करायचे असं मुळीच नाही. मूळ आजाराच्या उपचारांबरोबर, पहिल्या दिवसापासूनही ते देता येतात. म्हणून डॉक्टरांनी हा शब्द काढायची वाट बघू नका. तुम्हीच विचारा, “दुखणं कमी करायला काय करता येईल? त्यासाठीचे वेगळे डॉक्टर आहेत का?” मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याला 1986 साली शांती अवेदना सदन सुरू झालं. बरं होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांना शेवटपर्यंत सांभाळणारी जागा म्हणजे हॉस्पिस, आणि ते देशातलं पहिलं. त्याच्या नावातच सगळं आलं. अवेदना, म्हणजे वेदना नसणं.

कर्करोगाच्या तीव्र दुखण्यावर मॉर्फिन देतात. त्याचं नाव काढलं की घरचे दचकतात. सवय लागेल, गुंगीत राहतील, लोक काय म्हणतील. तुम्हाला कळकळीने सांगते, या भीतीपायी आपल्या माणसाला तळमळत ठेवू नका. जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं मॉर्फिन व्यसन लावायला दिलेलं नसतं. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणं फार कठीण झालं होतं. 2014 साली कायद्यात दुरुस्ती झाली ती याच कारणासाठी, की दुखणाऱ्याला औषध मिळावं. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. गोळी घड्याळाप्रमाणे द्या, दुखणं अनावर होईपर्यंत थांबू नका. शौच घट्ट होते, म्हणून त्याचं औषध सोबत मागून घ्या. आणि डोस स्वतःच्या मनाने कमीजास्त करू नका.

अगदी शेवटी खाणंपिणं आपोआप कमी होतं. तेव्हा आग्रह करू नका. “चार घास खाल्ले असते तर जगले असते,” असं मनाला लावून घेऊ नका. शरीर तेव्हा अन्न मागतच नाही. ओठ ओले ठेवा. स्वच्छ कापूस पाण्यात भिजवून तोंड पुसा, ओठांना थोडं तूप लावा. जवळ बसा. बोलत राहा. उत्तर आलं नाही तरी बोला, कारण ऐकू येणं शेवटपर्यंत राहू शकतं.

आता खाटेवरच्या माणसाबद्दल नाही, खाटेजवळच्या माणसाबद्दल.

आपल्याकडे विचारतात, “आईचं कोण करतं?” नुसतं ‘करतं’. काय करतं ते सांगावं लागत नाही. “तिने सासूचं शेवटपर्यंत केलं,” एवढ्या वाक्यात दहा वर्षांची जागरणं मावतात. आणि ‘ती’ बहुतेक घरांत बायकोच असते, सून असते, नाहीतर लग्न न झालेली मुलगी. बाकीचे कौतुक करतात. कौतुकाने तिची पाठ दुखायची थांबत नाही.

जुन्या आयुर्वेदाने उपचाराचे चार पाय सांगितले आहेत. वैद्य, औषध, रोगी आणि चौथा उपस्थाता. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा. चरकसंहितेत त्याचे चार गुणही दिले आहेत. त्याला शुश्रूषेचं ज्ञान हवं, तो तत्पर हवा, स्वच्छ हवा, आणि आजाऱ्यावर त्याची माया हवी. वैद्याच्या पंगतीत त्याला बसवलं आहे ते उगाच नाही. चारातला एक पाय मोडला तर खाट उभी राहत नाही.

म्हणून घरातल्यांनी एकदा एकत्र बसा. कामं वाटून घ्या, आणि ती माणसाच्या नावाने वाटा. शनिवारची रात्र कोणाची, डॉक्टरांकडे कोण नेणार, औषधांचा खर्च कोण उचलणार. जो भाऊ पुण्याला आहे, जी बहीण अमेरिकेत आहे, त्यांनी रोज फोन करून “काळजी घ्या हं” म्हणणं पुरेसं नाही. अंतर असलं तरी औषधं मागवता येतात, मावशींचा पगार भरता येतो. वर्षातले पंधरा दिवस रजा काढून येता येतं, आणि त्या पंधरा दिवसांत करणाऱ्या वहिनीला माहेरी पाठवता येतं. दुरून आल्यावर पहिल्याच दिवशी चुका काढू नका. आधी तिला झोपू द्या.

पगारी मावशी ठेवल्या असतील, तर त्यांना नावाने हाक मारा. त्यांच्या जेवणाची, निजण्याची आणि आठवड्याच्या सुट्टीची सोय करा. चोवीस तास जागा राहणारा माणूस कोणाचीच शुश्रूषा करू शकत नाही.

आणि तुम्ही स्वतः करणाऱ्या असाल, तर राग येतो याची लाज बाळगू नका. रात्री तिसऱ्यांदा हाक आली की राग येतोच. त्या वेळी खोलीबाहेर या, तोंडावर पाणी मारा, मग आत जा. मन फारच थकलं, रडू आवरेना, नको नको ते विचार यायला लागले, तर 14416 हा सरकारी फोन नंबर आहे, टेलीमानस म्हणतात त्याला. दिवसरात्र चालतो, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांच्या घरी कोणी करणारंच नसेल, किंवा त्यांचे हाल होत असतील, तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे. आईवडिलांचा सांभाळ ही मुलांची जबाबदारी असल्याचा कायदाही 2007 पासून आहे, आणि त्यात मुलगा आणि मुलगी दोघंही येतात.

भेटायला जाणाऱ्यांनाही दोन शब्द. “किती वाळलात हो!” म्हणू नका, त्यांना ते माहीत असतं. याच आजाराने गेलेल्या तुमच्या ओळखीच्या माणसाची कथा तिथे सांगू नका. त्यांच्या उशाशी उभं राहून घरच्यांशीच बोलू नका, जणू ते तिथे नाहीतच. “काही लागलं तर सांगा” हे वाक्य तर सोडूनच द्या. थकलेल्या माणसाला काय लागतंय ते आठवतही नाही, आणि सांगायला संकोच वाटतो. “उद्या दुपारी दोन ते पाच मी बसतो, तुम्ही निजा,” असं म्हणा. किंवा डबा घेऊन जा आणि रिकामा डबा न्यायला आठवड्याने परत या. आपल्याकडे सोबत हा शब्द आहे ना, “आज रात्री सोबतीला कोण?” असं विचारतात. ती सोबत द्या.

आज तुम्हाला एक छोटं काम देते. तुमच्या घरातल्या आजारी माणसाला आंघोळीला किंवा खुर्चीत बसवाल, तेव्हा त्या खाटेवर पाच मिनिटं तुम्ही निजा. त्यांच्यासारखं निजा, उशी तशीच ठेवा, मान तशीच वळवा. आणि काय दिसतं ते बघा. पंख्याचा वारा थेट डोळ्यांवर येतोय का, दिव्याची ट्यूब डोळ्यांत खुपतेय का, पाण्याचा तांब्या हाताला लागतोय का. भिंतच दिसत असेल, तर आजच खाट फिरवा.